उरलेला प्रकार याचप्रमाणे

११ जानेवारी

ताई,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं एका दमात घे आणि पुढे वाच. कागद एकच आहे.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. आईला विचारलं, ताई गेली कुठे? म्हणाली, "अभ्यासात असेल." म्हटलं, अगं, इतकी वर्षं कोण अभ्यासात असतं? मी नापास व्हायचो तेव्हासुद्धा एवढा वेळ लागत नव्हता. तर माझ्यावरच उखडली. "तू आधी एक नोकरी धड करून दाखव, मग तिच्याबद्दल तोंड उघड." विषय तुझा, बोलणी मला. नेहमीचंच.

सध्या काचेच्या गोदामात आहे. पुरुषभर उंचीच्या काचा. त्या आडव्या न्यायच्या नाहीत, उभ्याच न्यायच्या, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मग मुकादमानं विचारलं, "काच हातातून निसटली तर काय करशील?" म्हटलं, धरीन. सगळे हसले. "धरशील तर बोटं जातील. निसटली की हात मागे, पाय मागे, आणि पडू द्यायची." ऐकायला सोपं आहे, पण हात आपोआप पुढे जातो गं. जुन्या लोकांच्या तळव्यांवर पांढऱ्या रेघा आहेत, त्या सगळ्या धरायला गेल्याच्या.

खोली गॅरेजच्या वर आहे. खिडकी उघडली की समोरच्या भिंतीला आपटते. खाली मालकाचा कुत्रा आहे, तो फक्त डावीकडून येणाऱ्यांवर भुंकतो. मी पाच-सहा वेळा दोन्हीकडून येऊन पाहिलं. मालकानं शेवटी विचारलं, "तुला कामधंदा नाही का?"

हो, विचारायचं होतं ते राहिलंच. तू नक्की काय करतेस? शेजारची काकू आईला विचारते, आई मला. मी म्हटलं, गणित. तर म्हणते, "ते शाळेतच संपलं नव्हतं का?" मला समजेल असं लिही. म्हणजे काच वाहणाऱ्याला समजेल असं.

तुझा,
भिंगरी


२ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

फोन उचलत नाही कारण फोनवर गप्प बसता येत नाही. पत्रात येतं.

आमची संशोधकांची खोली चौघांची होती. एक विमा कंपनीत गेला, एकीनं शाळा धरली. आता मी आणि एक खोकणारा. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, बाकी काही नाही. फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नये' असं लिहून चौकट केली आहे. चौकट करणारा केव्हाच सोडून गेला. चौकटीत काय आहे ते कुणालाच कळत नाही, पण पुसायचा धीरही होत नाही.

आता काम. कागदावर ठिपके काढ. त्यांतले काही रेघांनी जोड. झालं जाळं. प्रत्येक ठिपक्याला रंग द्यायचा, पण रेघेनं जोडलेल्या दोघांना एकच रंग द्यायचा नाही. किती रंग लागतील? आमच्या सरांनी तरुणपणी सिद्ध केलं की अमुक अटी पाळणाऱ्या कुठल्याही जाळ्याला तीन रंग पुरतात. पहिली अट, जाळ्यात कुठेही त्रिकोण नको. बाकीच्या सांगून तुला झोपवत नाही. 'सरांचं प्रमेय' म्हणूनच सगळे ते ओळखतात. त्या एका प्रमेयावर त्यांचं नाव उभं आहे, आणि माझा अख्खा प्रबंधही. पाया त्यांचा, मी वर मजले चढवते.

तू म्हणशील, सगळी जाळी तपासून बघा की. जाळ्यांना अंत नाही रे. लाख जुळली तरी काही सिद्ध होत नाही, आणि एक जरी उलटं निघालं तर सगळं आडवं. म्हणून सिद्धता लागते.

प्रबंध जूनअखेर द्यायचा. ही शेवटची मुदत, यापुढे वाढवून मिळणार नाही. सरांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं, उजवा हात गेला. ते आता मुलीकडे असतात. तुझ्या गोदामाच्या रस्त्यानं सरळ पुढे गेलं की बस डेपो आहे ना, त्याच्या मागच्या गल्लीत, पिवळ्या फाटकाचं घर. मी अधूनमधून जाते. गेले की डावा हात पुढे करून माझी पानं मागतात. त्यांची शेवटची विद्यार्थिनी आहे मी. माझ्यानंतर ते कुणाचेच सर नाहीत.

सध्या त्यांचीच जुनी सिद्धता ओळीनं लिहून काढते आहे. एका जागी ते जाळ्यांचे दोन प्रकार करतात. पहिला पानभर आहे. दुसऱ्याला एकच ओळ: 'उरलेला प्रकार याचप्रमाणे.' आमच्यात सगळेच असं लिहितात, आणि वाचणारे मान डोलावून पुढे जातात. मी म्हटलं, आपण पूर्ण लिहू. तर ते संपतच नाहीये.

जेवत जा.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं ते वाक्य माझ्या फार कामाला आलं. तीन दिवस दांडी झाली होती (एका माणसाबरोबर पतंगाच्या कागदाचा कारखाना बघायला गेलो, ते जाऊ दे). मुकादमाला लिहून दिलं: 'सोमवारी पोट दुखत होतं. उरलेला प्रकार याचप्रमाणे.' त्यानं मला गोदामातून काढून ट्रकवर टाकलं. आता मी काचेच्या ट्रकवर क्लीनर. उलट बरंच झालं, गाव तरी बदलतं. ड्रायव्हरकाका चालवताना एकही शब्द बोलत नाहीत आणि थांबले की थांबत नाहीत.

आईला तुझं काम समजावून सांगितलं. म्हणाली, "ठिपक्यांना रंग? मग बालवाडीतच नसती का गेली?" पण काकूला काय सांगितलं माहितीये? "आमची डॉक्टरीणबाई नकाशाचं काहीतरी मोठं काम करते, सरकारी." म्हणजे आतल्या आत फुगली आहे. जूनमध्ये नवं पातळ घेणार म्हणते.

तुझं पत्र आवडलं, पण गाडीच्या खिडकीतून उडालं. अर्धं लक्षात आहे. पत्ता मात्र पाठ आहे, पिवळं फाटक. मला असल्याच गोष्टी लक्षात राहतात.

भिंगरी


१६ मार्च

भिंगरी,

थोडक्यात लिहिते.

तो उरलेला प्रकार याचप्रमाणे नाही. दोन आठवडे मी माझीच चूक शोधत होते. आता चूक शोधायची थांबले आहे, कारण मला एक जाळं सापडलं. सरांच्या सगळ्या अटी पाळतं आणि तीन रंगांना बधत नाही, चार लागतात. इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं.

खाली काढून ठेवते आहे. का ते माहीत नाही. इथे कुणाला दाखवता येत नाही, आणि कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवतही नाही. तू तरी बघ.

जेवणाकडे लक्ष नाही. खोकणारा आज म्हणाला, "ताप आहे का तुम्हाला?"

कुणाला सांगू नकोस. आईला तर नकोच.

ताई


४ एप्रिल

ताई! ताई! ताई!

इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नाही ते माझ्या बहिणीला दिसलं! मी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि ट्रकमध्ये, धाब्यावर, नळाशी, जिथे सापडेल तिथे उघडून बघितला. कळत काही नाही, पण दिसतं मात्र झकास. कोळ्यानं पिऊन विणल्यासारखं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "हे कशाचं वायरिंग?"

आता खरी गंमत ऐक. काल आमच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा मोडला. कुठे? डेपोच्या अलीकडे! काका म्हणाले, अख्खा दिवस मोडणार. मी चहा शोधायला निघालो, चहा सोडून गल्लीत शिरलो, तर समोर पिवळं फाटक. तू म्हणालीस कुणाला सांगू नकोस, पण सर म्हणजे काही 'कुणी' नव्हेत. घरचेच.

मुलीनं दार उघडलं. दातांची डॉक्टर आहे, दवाखाना पुढच्याच खोलीत, त्यामुळे आधी मला पेशंट समजून खुर्चीवरच बसवत होती. नातं सांगितल्यावर हसली आणि आत नेलं. सर खिडकीशी, मांडीवर शाल. ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुमच्या विद्यार्थिनीचा भाऊ!" त्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं हात मिळवायला, तर ते पानं मागत होते. शेजारी लहान मुलांची पाटी असते, खडूनं डाव्या हातानं काहीबाही लिहितात. मी म्हटलं, सर, पानं नाहीत, पण त्याहून भारी आहे! ताईला एक जाळं सापडलंय, तीन रंगांना बधत नाही! आणि कागदावर बघून पाटीवर सगळं काढून दाखवलं.

किती वेळ बघत होते! आणि मग काय सांगू, डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतका आनंद मी माणसाला झालेला पाहिला नाही. मास्तर ते मास्तर, तरी माझ्या चित्रात दुरुस्ती केलीच. मग माझ्या हातावर हात ठेवून बसले. उरलेला प्रकार याचप्रमाणे. पाटा लवकर बसला, म्हणून निघालो.

आता तरी जेव.

भिंगरी


९ एप्रिल

सरांचं प्रमेय खोटं आहे. ते जाळं म्हणजे त्याचा पुरावा. एक उलटं निघालं तर सगळं आडवं, हे मी तुला लिहिलं होतं. तू ते खिडकीतून उडवलंस.

ज्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट कमावली, त्याच्या दारात जाऊन तू हसत हसत सांगितलंस की ती नव्हतीच. त्याच्याच पाटीवर काढून दाखवलंस. त्यांना बोलता येत नाही, भिंगरी. "अरेरे" म्हणायलासुद्धा तोंड नाही. आणि तू आनंद बघून आलास.

मी ठरवलं होतं. सर आहेत तोवर गप्प बसायचं. प्रबंध तसाच दिला असता तर परीक्षक त्या ओळीपाशी मान डोलावून पुढे गेले असते, मी डॉक्टर झाले असते, खोट्यावर. ते मला नको होतं. खरं सांगितलं तर सरांना कळणार. म्हणून दोन्ही नाही. मुदत जाऊ द्यायची, नाव कटू द्यायचं, आणि दर खेपेला जुनीच पानं घेऊन त्यांच्याकडे जायचं. इतकी वर्षं गेली तर गेली. बदल्यात एवढंच हवं होतं.

लिहू नकोस.


१५ एप्रिल

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी एवढंच.

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही गं. काल काच उचलताना लक्ष नव्हतं, काकांनी बाजूला बसवलं.

परत जाऊन त्यांना सांगू का, की चित्र चुकलं होतं, मी येडा आहे? ते मला येतं. सांगशील तसं करतो.

भिंगरी


२१ जून

भिंगरी,

तुझी चार कार्डं मिळाली. उत्तर दिलं नाही. चित्र चुकलं होतं म्हणून सांगायला तू गेला नाहीस, ते बरं केलंस. त्यांनी विश्वास ठेवला नसता.

सर गेल्या आठवड्यात गेले. मी एप्रिलनंतर त्यांच्याकडे गेलेच नव्हते. काय तोंड घेऊन जाणार? पानं तीच नेली असती तर त्यांना कळलं असतं की मी लपवते आहे, नवी नेली असती तर काय नेली असती? उद्या जाऊ, परवा जाऊ, करत राहिले. शेवटी गेले ती खुर्ची रिकामी बघायला.

त्यांच्या मुलीनं आत बसवलं. चहा दिला. मग म्हणाली, "तुमचा भाऊ येऊन गेल्यापासून बाबांनी पाटी सोडली नाही. सकाळी उठले की पाटी. ठिपके, रेघा, ठिपके. मी काही विचारलं तर चिडायचे. खडू संपला की खुर्चीचा हात बडवायचे." मी विचारलं, त्यातलं काही राहिलंय का? म्हणाली, "नाही हो. रोज संध्याकाळी मी ओल्या फडक्यानं पाटी पुसून ठेवायचे. त्यांना सकाळी स्वच्छ मिळावी म्हणून."

मी कप विसळून ठेवला आणि निघाले.

तेव्हापासून तुझ्या पत्रातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. 'माझ्या चित्रात दुरुस्ती केलीच.' तू कागदावर बघून काढलं होतंस, मग दुरुस्ती कसली? आणि पुढे तू ते लिहिलंस, उरलेला प्रकार याचप्रमाणे. रागावण्यासाठी विचारत नाही. तो राग संपला. त्यांना शेवटचं गणित करताना बघणारा, आणि ते लक्षात राहू शकेल असा, जगात तू एकटा आहेस. सगळं लिही. काही वगळू नकोस, कुत्र्याकडे वळू नकोस.

ताई


२७ जून

ताई,

काकांना गाडी बाजूला घ्यायला लावली आहे. मी टपावर बसून लिहितोय. वळणार नाही.

चित्र मी नीट काढलं होतं. प्रत्येक रेघ कागदावर बोट ठेवून काढली, कारण तुझी वस्तू होती. सर आधी कौतुकानं बघत होते, म्हणजे लहान मूल काही दाखवायला आणतं तेव्हा बघतो तसे. मग त्यांनी खडू घेतला आणि ठिपक्यांशेजारी आकडे घालायला लागले, एक, दोन, तीन, एक, दोन. ते रंग असणार, आता कळतंय. एका ठिपक्यापाशी थांबले. सगळे आकडे बोटानं पुसले, दुसरीकडून सुरू केलं. पुन्हा थांबले. तसं बरेचदा झालं. पुढे दवाखान्यात ते मशीन घुंईं करत होतं, पेशंट ओरडला, मी हसलो. ते हसले नाहीत.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं सांगू? मी अंगठा वर केला. झकास ना, सर? तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांचं अर्धं तोंड हलतं, अर्धं हलत नाही, त्यामुळे हसतायत की काय ते ओळखता येत नाही. मी हसतायत असं धरलं. मला तेच धरायचं होतं.

आता दुरुस्ती. पाणी वाहतच होतं, पुसलंही नाही, पण बघायला लागले पुन्हा पाटीकडेच. आणि बघता बघता त्यांची मान अशी वाकडी झाली, जशी तुझी होते, आई हाक मारते आणि तुला ऐकू येत नाही तेव्हा. त्यांनी अंगठा ओला केला आणि डाव्या अंगाचा वरून दुसरा ठिपका पुसून टाकला. मी म्हटलं, सर, तो आहे, कागदावर आहे! त्यांनी माझा हात बाजूला सारला. मग त्या पुसलेल्या ठिपक्याच्या जेवढ्या रेघा होत्या त्या सगळ्या समोरच्या ठिपक्याला नेऊन जोडल्या. त्या दोघांत आधी रेघ नव्हती, हे मला पक्कं आठवतं. डावा हात, रेघा वाकड्या आल्या. एक तर दोनदा काढली.

मग मागे टेकले. पाटी माझ्याकडे फिरवली आणि तीवर खडूनं दोनदा टकटक केलं. मला वाटलं म्हणतायत, असं काढायचं असतं, बाळा. मी म्हटलं, हो सर, सांगतो ताईला. हे मी तुला सांगितलं नाही. विसरलो. हातावर हात ठेवला तो त्यानंतर, आणि त्यांचा हात खडूनं भरलेला होता. माझ्या बाहीवर पांढरं उमटलं ते मी धाब्यावर झटकून टाकलं.

एवढंच आहे. याहून जास्त नाही, मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं.

भिंगरी


३ ऑक्टोबर

भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा मी खोलीतलं टेबल रिकामं करत होते. मुदत संपली होती, दारावरच्या पाटीतलं माझं नाव शिपायानं आधीच खरवडलं होतं. पत्र उभ्या उभ्या वाचलं, आणि सामान तसंच टाकून पुन्हा बसले.

वरून दुसरा ठिपका समोरच्यात मिळवला. चार रंग लागणार हे उघडच होतं, दोन ठिपके एक केले की जाळं आवळतं, सैल होत नाही. भीती त्रिकोणाची होती. एकेक रेघ तपासली. कुठेच होत नाही. उरलेल्या अटीही पाळतं. माझ्या जाळ्यापेक्षा लहान आहे आणि माझ्यापेक्षा देखणं. ज्या जागी मी इतके दिवस डोकं आपटत होते, तिथे त्यांना तुझ्या ट्रकचा पाटा बसायच्या आत दिसलं. आपलंच प्रमेय मोडायची माझ्याहून सोपी वाट काढली त्यांनी, आणि तुझ्याकडे पाटी फिरवून टकटक केलं.

त्यानंतरचे दोन महिने ते काय काढत होते, आणखी लहान की मोडलेलं सांधणारं काही, ते ओल्या फडक्यानं गेलं. त्याबद्दल विचार करत नाही असं म्हणते, पण करते. आणि त्या दोन महिन्यांत मी बसनं दोन तासांच्या अंतरावर बसून त्यांना वाचवत होते. काच केव्हाच निसटली होती, मी आपली धरून.

दोन पानांचा लेख लिहिला. नावं दोन, पहिलं त्यांचं. संपादकांनी विचारलं, सरांचं हे जाळं कुठे छापलं आहे? लिहिलं, कुठेच नाही, माझ्या भावानं पाहिलं. ते चालत नाही म्हणाले. शेवटी 'व्यक्तिगत माहिती' असं काहीतरी टाकलं. लेख घेतला आहे. सरांचे जुने विद्यार्थी माझ्याशी बोलत नाहीत, एकानं लिहिलं की मेलेल्या माणसाचा हात धरून त्याच्याच तोंडात मारायला लावलंस.

पीएचडी आता नाही. दुसरे एक मार्गदर्शक म्हणाले, नवा विषय घेऊन पहिल्यापासून नाव घाला. बघू. सध्या आईकडे येते आहे. तिनं पातळ घेतलं असेल तर परत करू नकोस म्हणावं, असंच नेस.

संपादकांची शेवटची सूचना काल आली. लेख थोडा लांबतो आहे, दुसऱ्या पानावरचा शेवटचा भाग गाळता येईल, तिथे 'उरलेला प्रकार याचप्रमाणे' म्हटलं तरी पुरेल.

मी तो भाग ठेवला आहे.

ताई